बारा मैल आणि दोन कुलपं

१

सोमवारी सकाळी दीपचंदशेठच्या बॉण्ड गोदामातली आतली खोली उघडली, तेव्हा दोन्ही कुलपं शाबूत होती, कोयंड्यावर साधा ओरखडा नव्हता, आणि तीन पेट्यांपैकी एक पेटी गायब होती.

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गोदाम एके काळी कापसाचं होतं. आता तिथे परदेशातून आलेला, पण ड्युटी न भरलेला माल ठेवत. जहाजांना पुरवायचा माल असला की नियम आणखी कडक. त्या मालाच्या खोलीला दोन कुलपं. एकाची किल्ली दीपचंदशेठकडे, दुसऱ्याची कस्टमच्या बॉण्ड ऑफिसरकडे, म्हणजे हितेंद्र पाटलांकडे. दोघं मिळून आल्याशिवाय ते दार उघडत नसे.

दीपचंदशेठचा मुलगा अखिल दारात उभा होता.  तीस वर्षांचा परवाना होता वडिलांचा, आणि परवान्यापेक्षा मोठं होतं ते नाव. ‘आधी परवानगी, मग पाणी’ हे शेठचं ठरलेलं वाक्य. एकदा याच खोलीत साप शिरला, तेव्हा शेठनी सर्पमित्राच्या आधी बॉण्ड ऑफिसरला फोन केला होता. जळगावात लोक हा किस्सा अजून हसून सांगत, पण सांगताना त्यांच्या आवाजात कौतुकही असे. त्या माणसाच्या गोदामातून सरकारी कुलपातला माल गेला, म्हणजे परवाना गेला आणि नावही गेलं.

“या पेटीशिवाय जहाज काय करणार?” पुनम जवळजवळ ओरडलीच. केबल दुरुस्त करणाऱ्या कंपनीची ही इंजिनिअर, मूळची चाळीसगावची. ट्रक घेऊन ती ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, पहाटे, मुंबईहून आली होती. “समुद्रात केबल तुटलीय. जहाज मुंबईबाहेर नांगर टाकून उभं आहे. जॉइंटचं सामान या तीन पेट्यांत होतं. एक जरी नसली तरी तुटलेली दोन टोकं हातात धरून बसायची वेळ! चार-पाच दिवसांत समुद्र खवळेल, मग पावसाळा संपेपर्यंत काम बंद. नवीन पेटी परदेशातून यायची तर महिना जाईल.”

तिच्या शेजारी कस्टमच्या सुपरिंटेंडंट मोहिनी गिरासे उभ्या होत्या. माल जहाजासाठी सोडायचा म्हणून त्या नाशिकहून आल्या होत्या. मूळच्या शिरपूरच्या, पन्नाशीच्या, अंगानं स्थूल आणि बोलण्यात सावकाश. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता भिंतीला तळहात लावला, मग उरलेल्या पेट्यांना लावला, आणि हात झटकला.

“भाकरी भाजून निघेल इथे,” त्या म्हणाल्या. “वीज कधीपासून नाही?”

“शनिवारी रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला,” अखिल म्हणाला. “जनरेटरही ऐन वेळी जाम झाला. एसी बंद, कॅमेरे बंद.”

मोहिनीबाईंनी मान हलवली आणि दाराकडे वळून म्हणाल्या, “आता या गोदामातून कोणी बाहेर जायचं नाही. चोर आपल्यातलाच आहे.”

२

आधी ट्रान्सफॉर्मर पाहायचा म्हणून त्या निघाल्या. अखिलनं आपली गाडी पुढे केली. तेवढ्यात हितेंद्र पाटील मध्ये आले.

“मॅडम, माझी घ्या. त्या गाडीत भाजून निघाल. तिचा एसी बंद आहे.”

मोहिनीबाई तरीही अखिलच्याच गाडीत बसल्या. गाडी खरोखरच तापली होती. अखिल ओशाळून म्हणाला, “सॉरी मॅडम. काल भरदुपारी चालता चालता एसी बंद पडला, पप्पा सांगत होते. आज दुरुस्तीला टाकणार होतो.”

“असू दे. मी शिरपूरची आहे, उन्हाला घाबरत नाही.” त्यांनी काच खाली केली. “सकाळी काय खाल्लंत?”

प्रश्न इतका अनपेक्षित होता की अखिलनं खरं उत्तर दिलं. “मम्मीनं दशम्या दिल्या. आणि केळी. पप्पांनी काल फणी आणली होती.”

“छान होती?”

“एकदम पिवळीधमक. एक डाग नव्हता.”

पुढचा प्रश्न आला तेव्हा अखिल सावध झाला. “काल दुपारी शेठ कुठे होते?”

“घरीच,” तो पटकन म्हणाला. “जेवून झोपले होते.”

हे खोटं होतं. काल जेवणानंतर शेठ कोणालाही न सांगता बाहेर पडले होते आणि दिवेलागणीला परतले होते, घामानं भिजून. अखिलनं विचारलं तेव्हा “काम होतं” एवढंच म्हणाले होते. जन्मात ज्यानं हिशेबाशिवाय उत्तर दिलं नाही त्या माणसाचं ते उत्तर अखिलला रात्रभर टोचत राहिलं होतं.

मोहिनीबाई जळक्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहत होत्या. खोटं पकडलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

३

परतल्यावर त्यांनी एकेकाला ऑफिसात बोलावलं. अखिलला त्यांनी मुद्दाम बसवून घेतलं. कागद नाही, पेन नाही. समोर चहाचा कप आणि मांडीवर हात, एवढ्यावर बाईंची चौकशी चालली होती.

पहिला आला लोटन, गोदामाचा राखणदार, धुळे तालुक्यातला, अहिराणी बोलणारा.

“म्याडम, कुलूपले कोनी हात लाया नही. बठ्ठं जसंना तसं शे.”

“तू सारखा इथेच असतोस?”

“रातदिन आठेच राहस. फक्त काल दुपारले नव्हतू. भाचीनी हळद व्हती.” लोटन भाबडेपणानं पुढे म्हणाला, “मी ते सुटी मांगी बी नव्हती. शेठनी सोताच सांगं, लोटन, जाय, संध्याकाळले ये.”

अखिलनं हातातला कप न पिताच खाली ठेवला.

“आणि शेठचं आणि पाटीलसाहेबांचं कसं आहे?” मोहिनीबाईंनी विचारलं.

लोटन हसू दाबू लागला. “त्या दोन्हीजन बोलतस नही. बोलनं व्हयनं ते मना मारफत. समोरासमोर बठतस नी म्हणतस, लोटन, साहेबले सांग. लोटन, शेठले सांग. मी मधमा उभा.”

“भांडण कशावरून?”

ते लोटनला सांगता येईना. ते अखिलनं सांगितलं. केबल तुटल्याची बातमी आली त्या दिवसापासूनचं हे भांडण. परदेशातून आलेलं जहाज जोवर परदेशगामी आहे, तोवर त्याला बॉण्डमधला माल बिनड्युटीचा देता येतो. तेच जहाज किनाऱ्यालगत काम करायला लागलं की सगळा मामला बदलतो, ड्युटी भरावी लागते. आणि ही केबल तुटली होती नेमकी बारा सागरी मैलांच्या हद्दीच्या आसपास. हितेंद्र पाटील म्हणत, तुटकी जागा हद्दीच्या आत आहे, आधी ड्युटी. शेठ म्हणत, जागा बाहेर आहे, आणि हद्दीबाहेर काम करणारं जहाज परदेशगामीच धरलं जातं. जळगावात बसून दोघं समुद्र मोजत होते आणि एकाही मैलावरून मागे हटत नव्हते. शेवटी नाशिकच्या वरिष्ठांनी हमीपत्रावर माल सोडायचं ठरवलं, जागेचा निकाल केबल वर आल्यावर. पण तोवर दोघांचा अबोला पक्का झाला होता.

“म्हणजे ती दोन किल्ल्यांची जोडी एकत्र येणं शक्यच नाही,” अखिल म्हणाला. “पप्पा आणि पाटीलसाहेब चोरीसाठी तर सोडाच, चहासाठीही एकत्र येणार नाहीत.”

“हो ना,” मोहिनीबाई म्हणाल्या. “म्हणूनच कोणी त्यांच्यावर संशय घेणार नाही.”



४

हितेंद्र पाटलांच्या गोदामातल्या टेबलावर केळ्यांची फणी होती. पिवळीधमक, एक डाग नाही. मोहिनीबाईंनी न विचारता एक केळ सोललं आणि खात खातच त्यांना विचारलं, “काल दुपारी?”

“घरी. झोपलो होतो.”

“काल सगळा जळगाव जिल्हा झोपलेलाच दिसतो,” त्या म्हणाल्या, आणि पुनमकडे वळल्या. “गेलेल्या पेटीत काय होतं?”

“जॉइंटवर ओतायचं प्लास्टिक आणि रसायनं. बाजारात त्याला काडीची किंमत नाही, आमच्यासाठी मात्र जीव आहे.”

“आणि उरलेल्या दोन पेट्यांत?”

“तांबं, पोलादी तारा, भारी सुटे भाग.”

“गेलेलं सामान ठेवायचं कसं?”

“अठरा अंशांच्या आसपास. फार गार नको, गरम तर मुळीच नको. म्हणूनच खोलीला एसी...” पुनम थबकली. मघापासून पेटी गेली या धक्क्यात तिला सुचलंच नव्हतं. “मॅडम, पेटी इथे असती तरी आज ती मेलेलीच असती.”

मोहिनीबाईंनी केळाचं साल नीट घडी करून टोपलीत टाकलं. मग त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. दीपचंदशेठ पांढऱ्या सदऱ्यात ताठ उभे होते. हितेंद्र पाटील त्यांच्यापासून दोन खांब दूर उभे राहिले.

“मी आल्यापासून विचार करतेय,” मोहिनीबाई म्हणाल्या, “हा कसला वेडा चोर? तांबं सोडून प्लास्टिक नेतो. पण खोलीला हात लावला आणि वाटलं, हा चोर नसावाच. तांब्याला ऊन चालतं. ज्याला चालत नाही तेवढंच नेलंय. म्हणजे पेटी पळवली नाही, वाचवली आहे.”

पुनमनं मान डोलावली.

“आता कुलपं. आपण सगळे विचार करत होतो की ती कशी फोडली. ती फोडलीच नाहीत. दोन किल्ल्यांनी उघडली, जशी रोज उघडतात. दोन किल्ल्या म्हणजे दोन माणसं. आणि ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं सगळे सांगतात. मग पाटील, शेठच्या गाडीचा एसी बंद आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

हितेंद्र पाटलांनी शेठकडे पाहिलं.

“तो काल भरदुपारी चालत्या गाडीत बंद पडला. लोटन तेव्हा हळदीला होता, म्हणजे निरोप पोचवायलाही मध्ये कोणी नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक असायचं तर एकच रस्ता. तुम्ही त्या गाडीत होतात.” मग त्या अखिलकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि शेठ घरी झोपले होते तर गाडी कोण चालवत होतं? खोटं बोलणं तुमच्या घराण्याला जमत नाही हो. त्याबद्दल मला तुमचं कौतुकच वाटलं.”

अखिलनं मान खाली घातली. त्याला लाज वाटली, आणि त्याच वेळी या बाईंविषयी असा आदर वाटला की शरमेची जागा त्यानं घेतली.

५

“मी एकट्यानं केलं,” दीपचंदशेठ म्हणाले. “पाटीलसाहेबांचा काही संबंध नाही.”

“काहीतरीच! मी एकट्यानं केलं,” हितेंद्र पाटील म्हणाले. “शेठना माहीतसुद्धा नव्हतं.”

मोहिनीबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. “शेठ, दोन कुलपं आहेत. एकट्यानं गुन्हा करायची सोय कायद्यानं ठेवलेलीच नाही.”

मग सगळं बाहेर आलं. रविवारी सकाळी शेठ गोदामात आले, तेव्हा खोली तापत चालली होती. परवानगी मागायला त्यांनी नाशिकला फोन लावले. रविवार, कोणी उचलेना. दुपारपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग ज्यांच्याशी तीन आठवडे बोलले नव्हते त्या हितेंद्र पाटलांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, आपलं भांडण बारा मैलांचं आहे. पेटीचं काय चुकलं?”

पाटलांनी चपला घातल्या आणि किल्ली घेतली.

“आणि आज सकाळी तोंड का मिटलंत?” पुनमनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कसलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

“उद्या पहाटे परत आणून ठेवणार होतो. तुम्ही बुधवारी येणार होतात,” शेठ म्हणाले. “सकाळी तोंड उघडलं असतं तर यांची नोकरी गेली असती. यांना विचारल्याशिवाय कसं बोलू?”

“आणि मी बोललो असतो तर यांचा परवाना,” पाटील म्हणाले. “यांना विचारावं तर सगळ्यांसमोर आमचा अबोला. लोटनमार्फत तर हे विचारता येत नव्हतं.”

लोटननं कपाळावर हात मारला.

“पेटी कुठे आहे ते मी सांगू?” मोहिनीबाई म्हणाल्या. “बटाट्याच्या शीतगृहात फार गारठा. अठरा अंश हवे. या जिल्ह्यात रोज अठरा अंशांत कोण झोपतं? पिकायला ठेवलेली केळी. आणि तुम्हा दोघांकडे एकसारख्या फण्या आहेत. चला सावद्याला, केळ्यांच्या गावाला.”

६

सावद्याला रुपचंदभाऊंची केळी पिकवण्याची चेंबरं होती. बाहेर ट्रक भरत होते, हिरवे घड केळीच्या पानांवर ठेवलेले. रुपचंदभाऊंनी सगळं ऐकलं आणि चेंबरच्या दारासमोर आडवे उभे राहिले.

“म्याडम, पेटी आतच हाये. पन केयी पिकवाचा गॅस लायेल हाये. आता दार उघडलं तं गॅस निंघून जाईन, सगया चेंबरची केयी निम्मी पिकीन, निम्मी हिरवीच राहीन. ही केयी माही एकट्याची नाही, पंधरा शेतकऱ्याहीची हाये. दिवस बुडता बुडता उघडतो.” मग ते शेठकडे वळले. “भाऊ, पेटी सरकारची हाये हे मले सांगाचं तरी! मले वाटलं तुमचं औषध-बिवषध हाये.”

पुनमनं घड्याळाकडे पाहिलं. मोहिनीबाईंच्या हातात अधिकार होता. एक शब्द बोलल्या असत्या तर दार उघडलं असतं.

“तुमचा नियम आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग थांबू. ट्रक उशिरा निघाला तरी सकाळी मुंबईत पोचतो.”

आणि त्या पानांच्या ढिगाशेजारी खाटेवर बसल्या. तिथूनच त्यांनी नाशिकला फोन लावला, सगळ्यांच्या देखत. काहीही लपवलं नाही. परवानगीशिवाय माल हलवला, दोघांची नावं, कुठे नेला, का नेला, सगळं सांगितलं. “हो सर, गुन्हा आहे. केस होईल, ती मीच करणार. पण माल शाबूत असला तर आज जहाजाकडे जाऊ द्या. पेटीला शिक्षा नको.” पलीकडून परवानगी आली. मग बाईंनी “थँक्यू सर” म्हणून फोन ठेवला.

अखिल लांबून पाहत होता. आपल्या वडिलांना वाचवण्यासाठी त्यानं सकाळी खोटं सांगितलं होतं. ही बाई खरं सांगून वाचवत होती, आणि तिचंच काम जास्त अवघड होतं.

दिवस बुडता बुडता रुपचंदभाऊंनी दार ओढलं. गार हवेचा लोट आला, पिकू लागलेल्या केळ्यांचा गोड वास आला. क्रेटच्या रांगांमध्ये, खाली गोणपाट घालून, पेटी ठेवली होती. कोणीतरी तिच्या अंगावर धुतलेलं पांढरं धोतरही पांघरलं होतं. अखिलनं ते ओळखलं. पप्पा ते जैन स्थानकात प्रार्थनेला जाताना नेसत.

पुनमनं पेटीवरचं तापमानाचं यंत्र पाहिलं, झाकण उघडलं, एकेक पाकीट हातात घेऊन तपासलं. मग ती तिथेच फरशीवर बसली.

“जिवंत आहे,” ती म्हणाली.

७

निकाल आला तेव्हा खान्देशात पेरण्या चालू होत्या. मोहिनीबाईंनी स्वतः फोन केला. दोघांनाही दंड झाला होता, पाटलांना ताकीद मिळाली होती. परवाना राहिला होता. “आणि शेठना सांगा,” त्या अखिलला म्हणाल्या, “त्या खोलीला नवा जनरेटर बसवल्याशिवाय मी पुन्हा एकही पेटी ठेवू देणार नाही.”

अखिलनं वडिलांना सांगितलं.  त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पुसला. अखिलनं या माणसाला आयुष्यभर नियमाचा माणूस म्हणून ओळखलं होतं. ज्या दिवशी त्यांनी नियम मोडला, त्या दिवशी तो नियम कशासाठी असतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं नव्हतं, असं त्याला आता वाटत होतं. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. शेठ गोंधळले, “आज काय सण आहे?” म्हणाले.

तेवढ्यात हितेंद्र पाटील ऑफिसात आले. हातात केळ्यांची फणी होती. लोटन सवयीनं धावत येऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला.

“पुनम मॅडमचा फोन होता,” पाटील म्हणाले. “केबल तर पावसाआधीच वर काढून, जॉइंट करून पुन्हा समुद्रात सोडली. आता जागेचा अहवाल आला.”  मग फणी टेबलावर ठेवली. “तुटलेली जागा बाराच्या बाहेर निघाली. पुष्कळ बाहेर.”

“लोटन,” शेठ म्हणाले, “साहेबांना सांग...”

लोटननं कान टवकारले. शेठ थांबले. त्यांनी फणीतलं एक केळ मोडलं आणि स्वतःच्या हातानं पाटलांपुढे धरलं.

“बसा साहेब,” ते म्हणाले.